संदेश काय, बाई?

बाहुल्यांचा खेळ ठरवायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "विषय काय?" गोष्ट कोणती, खेळ किती वेळाचा, वीज लागते का, हे सगळं मागाहून. हात धुणं, पाणी वाचवणं, लेक शिकवणं, मतदान, डेंग्यू यांतलं काहीतरी सांगावंच लागतं. "मेंढ्याची गोष्ट आहे," असं म्हटलं की समोरचा माणूस वही मिटतो. "ते ठीक आहे हो, पण त्यात संदेश काय, बाई?"

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यावर घर चाललं. त्याच काळात दौलताबाद, माळीवाडा, कागजीपुरा, खुलताबाद ते वेरूळ या पट्ट्यात हातात बाहुल्या घालून खेळ केले. निवृत्तीनंतर शाळा सुटली, खेळ राहिले. या कामात अर्धा वेळ बाहुल्या नाचवण्यात जातो आणि अर्धा वेळ त्या कशासाठी नाचवायच्या हे लोकांना पटवण्यात. पहिल्या अर्ध्याचं कौतुक होतं, फोटो निघतात. मला दुसऱ्या अर्ध्याबद्दल लिहायचं आहे.

सुरुवात सरकारी प्रशिक्षणानेच झाली, हे आधी सांगायला हवं. दिल्लीची सीसीआरटी ही संस्था १९७९ पासून शिक्षकांना कलांची ओळख करून देते. शिक्षणात बाहुल्यांचा उपयोग कसा करावा यावर तिची शिबिरं असतात. माझी निवड झाली आणि मला उदयपूर मिळालं. तिथे भारतीय लोककला मंडळ पाहिलं. देवीलाल सामर यांनी १९५२ साली उभी केलेली ही संस्था. तिच्या कठपुतळ्यांनी १९६५ साली बुखारेस्टच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात पहिलं बक्षीस मिळवलं होतं. राजस्थानी कठपुतळीला पाय नसतात. घोळदार घागरा असतो, दोन-तीन दोऱ्या असतात आणि नाचवणाऱ्याच्या तोंडात बांबूची छोटी शिट्टी. पाय नाहीत हे खेळ संपेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. पाहणाऱ्याने आपल्या मनाने ते जोडून घेतलेले असतात. पुढे काहीही बनवताना पहिला विचार हाच केला, की यातलं काय गाळलं तर मुलं ते स्वतः भरून काढतील.

परत आल्यावर दोऱ्यांचा नाद सोडला. भरलेल्या वर्गात, खाली बसलेल्या मुलांसमोर, दोरीची बाहुली गुंतते. हातमोज्याची बाहुली मात्र कशीही चालते. तर्जनी डोक्यात, अंगठा एका हातात, मधलं बोट दुसऱ्या हातात, एवढंच तिचं शरीर. मनगट वाकलं की ती लाजते, तर्जनी हलली की हो म्हणते. अवघड असतं ते तिला स्थिर ठेवणं. नवशिक्यांना वाटतं, बाहुली सतत हलली पाहिजे. खरं तर एक बाहुली बोलत असताना दुसरीने न हलता तिच्याकडे बघायचं असतं. ती बघते म्हणून मुलं बघतात. हे बोटांच्या अंगवळणी पडायला माझी काही वर्षं गेली.

डोक्यांसाठी लगदा लागायचा आणि लगद्यासाठी मला लांब जावं लागलं नाही. दौलताबादच्या किल्ल्यापासून खुलताबादच्या वाटेवर कागजीपुरा आहे. तुघलकाने दिल्लीहून राजधानी इकडे हलवली तेव्हा कागद करणारी घरं इथे आली असं गावात सांगतात. चिंध्या भिजवून, कुटून, हौदातून चाळणीवर उचललेला हा हातकागद एके काळी दप्तरांना आणि कुराणाच्या प्रतींना जायचा. मी तिथून कडा कापलेली रद्दी आणायचे. वर्तमानपत्राच्या रद्दीपेक्षा हिचा लगदा चिवट होतो, कारण त्यातले धागे लांब असतात. लगदा दोन दिवस भिजवायचा, पिळायचा, त्यात मेथीची पूड आणि मैद्याची खळ घालायची. खळीत चिमूटभर मोरचूद टाकलं की कीड लागत नाही. कडू मेथीनेही तेच काम होतं. मी घाई करते हे तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराने पहिल्याच खेपेला ओळखलं होतं. "बाई, इसमें पानी कम और सबर ज्यादा डालो," ते म्हणाले. मी त्यांना चाचा म्हणत असे. पावसाळ्यात डोकं वाळायला आठवडा लागतो आणि उन्हात ठेवलं तर तडकतं. चाचांचा सल्ला म्हणजे या कामाचं साधं तंत्र होतं.

कपड्यांना हिमरूच्या चिंध्या. औरंगाबादच्या हिमरूचे तुकडे विणकरांकडून आणि शिंप्यांकडून मिळायचे. सुती ताण्यावर रेशमी वेलबुट्टी असलेलं हे कापड बाहुलीच्या अंगावर उगाच थाटाचं दिसतं. त्यामुळे आमच्याकडचा भिकारीसुद्धा शालीन वाटायचा, हा एक त्रासच होता. डोळे मात्र मी स्वतः रंगवत असे आणि बुबुळं मुद्दाम खाली काढत असे. मुलं जमिनीवर बसतात आणि बाहुली पडद्याच्या वर असते. बुबुळ मध्यभागी काढलं तर बाहुली मुलांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघते. दोन-चार मिलिमीटर खाली आणलं की पहिल्या रांगेतलं पोर दचकतं, "माझ्याकडंच बघायली!"

आमचा सगळ्यात जास्त चाललेला खेळ तुघलकाचा. किल्ल्यावर मेंढा तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे आणि गावातलं प्रत्येक पोर तिच्यावर हात फिरवून आलेलं असतं. त्या मेंढ्याला मी सूत्रधार केला. अडचण एवढीच, की तोफ औरंगजेबाच्या काळातली आणि तुघलकाची गोष्ट १३२७ ची. मग मेंढ्याने सुरुवातीलाच हात वर केले: "मी तेव्हा नव्हतो. मी आपलं ऐकलेलं सांगतो." मुलांना हे फार आवडायचं. गडावरच्या पाहुण्यांना सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखी ठोकून दिलेली गोष्ट ती रोज ऐकत होती. जे ठाऊक नाही ते नाही म्हणून सांगणारा वाटाड्या त्यांनी पहिल्यांदा पाहिला होता.

एका खेळात तुघलक नुकताच पडद्यावर आला होता. चौथीतल्या एका मुलीने उभं राहून विचारलं, "दिल्लीहून एवढी माणसं आणली तर त्यांना पाणी कुठून दिलं?" माझ्या संवादात याचं उत्तर नव्हतं. तुघलकाने मान खाली घातली, म्हणजे मी मनगट वाकवलं. दुसरा एक मुलगा ओरडला, "हत्ती हौद हाय की!" तिसरा म्हणाला, "ते किल्ल्यातल्यांसाठी. बाकीच्यांचं काय?" पुढे बराच वेळ वर्गात पाण्यावर भांडण चाललं. सरस्वती बारव, हौद, खंदक, कुठलं पाणी प्यायचं आणि कुठलं नाही, कुणाच्या शेतात आजही टँकर येतो. तुघलक पडद्यावर बसून ऐकत होता. मी त्याला फक्त एकेका बोलणाऱ्याकडे वळवत होते.

पाणी वाचवा, असं त्यात कुणीच म्हटलं नाही. तरी पाण्याबद्दल त्या वर्गाने त्या दुपारी जेवढा विचार केला, तेवढा माझ्या पाणीबचतीच्या कुठल्याही खेळानंतर केलेला मी पाहिला नाही. ते खेळ मी भरपूर केले आहेत. मानधन त्यांनाच मिळत असे. नळ बंद करा म्हणणारी ताई, ढगाएवढी बादली, शेवटी घोषणा. मुलं घोषणा जोरात देतात, कारण घोषणा दिली की सुटका होते हे त्यांना माहीत असतं. खेळानंतर एक तक्ता भरावा लागायचा. लाभार्थी मुले किती, मुली किती, छायाचित्रे जोडली का. त्या तक्त्यात "मुलांनी काय विचारलं" असा रकाना कधी नव्हता.

म्हणजे विषय असलेला खेळ वाईटच, असं मी म्हणत नाही. मुंबईच्या मीना नाईक यांनी 'वाटेवरती काचा गं' या नाटकात मुलांच्या लैंगिक शोषणाचा विषय बाहुल्यांच्या साथीने मांडला. जे जिवंत माणसाच्या तोंडून ऐकताना घरातली मोठी माणसंही खुर्चीत चुळबुळतील, ते बाहुलीच्या आधाराने मुलांसमोर आणता आलं. तिथे बाहुलीची निवड विषयानेच केली होती. आमच्याकडे उलटं चालतं. विषय वरून येतो, पैसे त्याच्याबरोबर येतात आणि बाहुलीला त्यात ध्वनिक्षेपकाचं काम मिळतं. तिच्याऐवजी फलक लावला असता तरी फार बिघडलं नसतं.

मग या कलेने जगायचं कशावर, हा प्रश्न घेऊन मी महाराष्ट्रात जिथे जिथे बाहुल्या टिकल्या तिथे जमेल तसं बघून आले. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळी आहे. तिथला ठाकर समाज दोरीच्या कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी, अशा तिन्ही कला पिढ्यान्‌पिढ्या करत आला आहे. चित्रकथीत वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली कथा सांगतात. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गुरांच्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय मांडलं, 'ठाकर आदिवासी कला आंगण'. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोठ्यापासून पद्मश्रीपर्यंतची ही वाट वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचली आहे. मला तिथे दुसरंच काही महत्त्वाचं वाटलं. या बाहुल्यांना सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता आणि खेळ देवळांत होत. उत्सवाचा दिवस आला की खेळ होणार, हे गाव धरून चाललेलं असे. "कशासाठी?" असं विचारायची वेळच येत नसे. संस्थान गेलं, उत्सवांत दुसरी करमणूक आली आणि ती दिवसांची साखळी तुटली, तेव्हा चित्रांच्या पोथ्या आणि बाहुल्या पेट्यांत गेल्या. हातातली कला होती तशीच होती, पण तिच्या नावाचा दिवस पंचांगात उरला नव्हता.

हे ऐकताना मला आमचं पैठण आठवत होतं. जुन्या चित्रकथींची एक ठसठशीत शैली पैठणच्या नावानेच ओळखली जाते. मोठे डोळे, भरीव रंग, चौकटीत न मावणारे राक्षस. ती चित्रं आता संग्रहालयांत नीट जपलेली आहेत. पण पैठणात पोथी मांडून कथा सांगणारं कुणी मला भेटलं नाही. पिंगुळीत कला सांगणारी माणसं उरली म्हणून तिथे संग्रहालयाला लागूनच खेळ होतात. आमच्याकडे काचेआड चित्रं राहिली.

दुसरी वाट पाध्ये कुटुंबाची. य. के. पाध्ये यांनी घडवलेला अर्धवटराव हा बोलका बाहुला आता शंभरी ओलांडून गेला आहे. रामदास पाध्ये यांनी १९६७ पासून रंगमंच, दूरदर्शन, जाहिरात, सिनेमा, सगळीकडे बाहुल्या बोलत्या ठेवल्या. लिज्जत पापडाचा ससा आणि १९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू ज्याला माहीत नाही असं मराठी घर सापडणं कठीण. शब्दभ्रमाची ही कला तिकीट काढून बघायला लोक येतात. तिथे आश्रयाची गरज नाही, पण असामान्य कसब हवं आणि मोठं शहर हवं. किल्ल्याच्या पायथ्याशी, सीताफळांच्या टोपल्यांच्या बाजूला, तिकीट लावून बाहुल्यांचा खेळ मी एका उन्हाळ्यात करून पाहिला. लोक थांबत, मोबाइलवर थोडंसं टिपून घेत आणि वर चढायला लागत. त्यांना किल्ल्यातली अंधारी, तो काळोखा बोगदा, बघायची घाई असे.

म्हणून मी गावातल्या दिवसांकडे बघायला लागले. दौलताबादेत असा दिवस शोधायला पंचांग पुष्कळ उलटावं लागलं नाही. एकनाथ महाराज पैठणचे, पण त्यांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे किल्लेदार. नाथांची घडण याच किल्ल्यावर झाली. जनार्दनस्वामींचे गुरू चांद बोधले, त्यांचं स्थानही किल्ल्याच्या पायथ्याशीच. फाल्गुन वद्य षष्ठीला जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना झालेला अनुग्रह, नाथांची आणि त्यांची भेट, स्वामींचं निर्याण आणि नाथांची जलसमाधी, असे पाच योग एकाच तिथीला आले, अशी परंपरा आहे. पैठणला त्या दिवशी लाखोंनी माणूस लोटतो. दिंड्या जातात. मागे गावात म्हातारी माणसं आणि लेकरं राहतात. त्यांच्यासाठी संध्याकाळी खेळ करू, असं मी गावातल्या चार जाणत्यांसमोर मांडलं.

"नाथांची भारुडं दाखवणार?" त्यांतल्या एकांनी विचारलं. "मग ते बाहुल्यांकडून कशाला?"

"आबा, भारुडातला विंचू माणसाने कसा करायचा?" मी म्हटलं. "हातावर चढवून दाखवते."

मी पिशवीतून विंचू काढला. सहा भागांची शेपटी, आतून तार, टोकाला डिंकाने चमकवलेली नांगी. तो माझ्या दंडावरून चालत खांद्यावर आला आणि थांबला. तिथे न हलता आबांकडे बघत बसला. आबांनी पाय वर घेतले. मग स्वतःच हसले आणि म्हणाले, "होऊ द्या मग."

वर्गणीतून मानधन ठरलं. रक्कम छोटी होती, पण ती मी आग्रहाने मागून घेतली. कीर्तनकाराला बिदागी देताना कुणी हात आखडत नाही, कुस्तीला बक्षीस लागतं, मग बाहुल्यांनाच "लेकरांसाठी आहे, सेवा समजा" का ऐकून घ्यायचं? कलेची बाजू मांडायची म्हणजे भाषण करायचं असं लोकांना वाटतं. माझ्या अनुभवात ती वर्गणीच्या वहीत आपल्या नावाची ओळ लिहून घेण्यापासून सुरू होते.

षष्ठीच्या खेळात सगळ्यात कसून तयारी केली ती नाथांच्या हिंदू-तुर्क संवादाची. सोळाव्या शतकातल्या माणसाने दोघांना एकमेकांची उणीदुणी काढत जुंपवलं आहे आणि शेवटी दोघं एकमेकांना भेटतात. मी हा संवाद एकटीने करते. उजव्या हातावर एक, डाव्यावर दुसरा. दोन्ही आवाज माझेच, भांडणही माझ्याच दोन हातांचं. एक तावातावाने बोलत असताना दुसऱ्या हाताची बोटं आवळून स्थिर ठेवायची, कारण ऐकणारा हलला की त्याला उत्तर सुचलं असं दिसतं. शेवटच्या भेटीत दोन्ही बाहुल्यांच्या हातांत माझे अंगठे अडकतात आणि मिठी सुटता सुटत नाही. ही तांत्रिक अडचण आहे. पण समोरचे दरवर्षी हसतात आणि आता मी ती काढायचा प्रयत्न सोडला आहे. प्रेक्षकांत कागजीपुऱ्याची माणसंही असतात. हा संवाद निवडताना "विषय काय" असं मला कुणी विचारलं नाही. ज्या गावात चांद बोधले आणि जनार्दनस्वामी दोघांचंही नाव घेतलं जातं, तिथे विचारायचं काही कारणही नव्हतं.

अडचणी आहेतच. षष्ठी मार्चच्या आसपास येते आणि तेव्हा परीक्षांचा हंगाम असतो. कधी तालीम करायला मुलं मिळत नाहीत. लग्नाची वरात शेजारून गेली की डीजेपुढे बाहुलीचं काही चालत नाही, गप्प बसून वरात जाऊ द्यायची. जगभरातले बाहुलीकार २१ मार्चला आपला जागतिक दिवस पाळतात. २०२५ साली षष्ठी २० मार्चला आली तेव्हा शहरातल्या काही हौशी मंडळींनी दोन्ही एकत्र करून २१ ला शहरातच मोठा कार्यक्रम घेऊ असं सुचवलं. मी षष्ठीचीच तारीख धरून राहिले. शहरातला कार्यक्रम पुढच्या वर्षी होईल याची खात्री कुणी देऊ शकत नव्हतं. षष्ठी मात्र येतेच.

संदेशांचे खेळ मी बंद केलेले नाहीत. त्यांच्या पैशांवर दिवे आणि पडद्याचं कापड येतं. पण आता मानधन ठरवताना एक अट घालते. संदेशाच्या खेळासोबत एक खेळ नुसत्या गोष्टीचा होईल आणि तो आधी होईल. तो झाला की मुलं बाहुल्यांवर विश्वास टाकून बसलेली असतात. मग डेंग्यूच्या डासाला थोडं ऐकून घेतात. अट ऐकून काही जण परत जातात. जे थांबतात, ते पुढच्या वेळी अट स्वतःहून सांगतात.

आमच्या खेळाचं खरं वजन मला गेल्या दोन-तीन वर्षांत कळायला लागलं आहे, आणि ते टाळ्यांवरून मुळीच नाही. षष्ठीच्या आधी बाजारात लोक मला अडवून तक्रारी करतात. मागच्या वेळी विंचू पहिल्यापेक्षा लहान का केला? मेंढ्याचा आवाज बदलला, तो पहिला बरा होता. संवादात नवी वाक्यं घुसडू नका, जुनी आम्हाला पाठ आहेत. शेवटची रांग लांब पडते, तर पडदा पाराच्या उजव्या बाजूला लावा, असं आबांनी सुचवून ठेवलं आहे. पाहुणा म्हणून आलेल्या कलावंताचं गाव तोंडभर कौतुक करतं आणि विसरतं. तक्रार आपल्या माणसाकडेच करतात. या तक्रारी यायला लागल्यापासून मला बाहुल्या कशासाठी, याचं उत्तर द्यावं लागत नाही. आता प्रश्न फक्त कशा, एवढाच असतो आणि त्याचं उत्तर माझ्या हातात आहे.